आगंतुक

‘शल्य’ हा शब्द आजच्या मराठीत दोनच ठिकाणी भेटतो. एक, इस्पितळाच्या पाटीवर, ‘शल्यचिकित्सा’ किंवा ‘शल्यविशारद’ अशा जोडशब्दांत. आणि दुसरे, मनात वर्षानुवर्षे जपलेल्या, कोणाला न सांगितलेल्या खंतीच्या संदर्भात. दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच चित्र आहे. शरीरात शिरलेले बाणाचे टोक, मोडून आत राहिलेला काटा, जिथे असू नये तिथे असलेली वस्तू. सुश्रुताने शल्याची व्याख्या करताना शरीराला पीडा देणारे ते सगळेच शल्य, असा व्यापक अर्थ घेतला आणि त्याचे दोन प्रकार केले: शारीर आणि आगंतुक. शरीरातच उपजलेले ते शारीर, बाहेरून आलेले ते आगंतुक. शल्यतंत्र म्हणजे मुळात हे शल्य बाहेर काढण्याची विद्या.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसावा अध्याय हरवलेल्या शल्याविषयी आहे. व्रण वरून भरून आला आहे, पण आत काहीतरी राहिले आहे. ते नेमके कुठे, हे कसे शोधावे? त्वचेवर लेप लावावा आणि तो कुठे आधी वाळतो ते पाहावे. थिजलेले तूप लावावे आणि ते कुठे वितळते ते पाहावे. जिथे तूप वितळले तिथे खाली शल्य आहे. दाह म्हणजे उष्णता, हे जाणून त्या उष्णतेलाच साक्षीला बोलावण्याची ही रीत आहे. त्याच अध्यायात आणखी एक विलक्षण विधान येते. सोने, रुपे, तांबे, शिसे असे धातू शरीरात फार काळ राहिले तर पित्ताच्या तेजाने विरघळून जातात. शिंग, दात, केस, हाड, लाकूड, दगड मात्र तसेच राहतात. धातू शरीराला आपलेसे होतात, असे त्या काळच्या निरीक्षकाला वाटले होते तर.

हे सारे आम्हाला आईमुळे माहीत. ती शाळेत संस्कृत शिकवत असे, आणि शब्दाचे मूळ सांगितल्याशिवाय ती शब्द सोडत नसे. २०१७ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तिच्या हृदयाची विद्युतवाहिनी पूर्णपणे बंद पडली आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवावा लागला. संमतिपत्रावर सही करताना ती डॉक्टरांना म्हणाली, “डॉक्टर, शल्य काढायचं असतं. तुम्ही तर घालता आहात.” डॉक्टर हसले. “काकू, हे शल्य नाही, हे तुमचं घड्याळ आहे,” असे म्हणाले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

शरीरात मुद्दाम वस्तू बसवण्याचा हा प्रघात तसा फार जुना नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का इस्पितळात आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. शल्यविशारद होते ओके सेनिंग आणि यंत्र बनवले होते अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी. ते ओतण्यासाठी बूटपॉलिशची डबी साचा म्हणून वापरली होती असे सांगतात. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले, एकूण सव्वीस यंत्रे त्यांनी अंगावर वागवली, आणि ज्यांनी त्यांना वाचवले त्या दोघांपेक्षाही ते अधिक जगले. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास आजच्या कृत्रिम खुब्याचे रूप ठरवले. त्यांचे आधीचे टेफ्लॉनचे खुबे झिजून निकामी झाले तेव्हा ऊती त्या पदार्थाला काय करतात हे पाहण्यासाठी चार्नली यांनी टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्या मांडीत रोवून घेतला होता. आणि खुब्यांना होणारा जंतुसंसर्ग त्यांनी इतका मनावर घेतला की शस्त्रक्रियेच्या खोलीत गाळलेली हवा खेळवणारा स्वतंत्र कक्षच उभारला.

आता आपल्यापैकी कोणाच्या घरात आगंतुक नाही? डोळ्यातले भिंग, गुडघ्यातला सांधा, हर्नियावरची जाळी, दाताच्या जागी रोवलेला स्क्रू, हृदयाच्या रक्तवाहिनीतला स्टेंट. मराठी कुटुंबाच्या संभाषणात हे शब्द आता कोणी थबकत नाही इतके रुळले आहेत. साहित्यात मात्र ते अजून यायचे आहेत असे वाटते. आमच्या कथाकादंबऱ्यांतली माणसे क्षयाने मरतात, प्लेगने मरतात, कर्करोगाने मरतात. पण अंगात धातू घेऊन जगणाऱ्या माणसाचे जगणे, जे आज सर्वांत सामान्य आहे, त्याला अजून आपला लेखक लाभलेला दिसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांनी आईच्या जखमेच्या एका टोकाला मसुराएवढी लालसर गाठ आली. ताप नाही, विशेष दुखणे नाही. मग ती गाठ फुटून पाण्यासारखा पातळ स्राव येऊ लागला. तो थांबे, खपली धरे, पुन्हा येई. स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि दोन दिवसांनी अहवाल आला: जंतूंची वाढ नाही. साध्या प्रतिजैविकाच्या गोळ्या झाल्या. गाठीच्या शेजारी दुसरी गाठ आली. पुन्हा नमुना, पुन्हा तोच अहवाल. जखम कागदावर निर्जंतुक होती आणि पदरावर रोज डाग पडत होता.

इथे थोडे थांबून, अशा जखमेत काय घडत असते ते सांगायला हवे. १९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर एक प्रयोग केला. निरोगी त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू लाखोंच्या संख्येने टोचावे लागतात. पण तिथे रेशमी टाक्याचा एक धागा असेल तर काही शेकडा जंतू पुरतात. वस्तू स्वतः विषारी नसते. ती फक्त जागा देते. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी या घटनेला एक प्रतिमा दिली: पृष्ठभागासाठीची शर्यत. रोपण केलेल्या वस्तूचा पृष्ठभाग आधी कोण व्यापतो, शरीराच्या पेशी की जंतू? पेशी आधी पोहोचल्या तर वस्तू शरीराची होते. जंतू आधी पोहोचले तर ते पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्याचे आवरण विणतात आणि त्या आवरणात, ज्याला बायोफिल्म म्हणतात, सुस्त होऊन राहतात. धातूला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे रक्तातल्या संरक्षक पेशी तिथे दुबळ्या ठरतात आणि औषधे शेकडो पटींनी अधिक लागतात, म्हणजे व्यवहारात पुरत नाहीत.

बहुतेक वेळा या शर्यतीत जिंकणारे जंतू आपल्याच त्वचेवरचे असतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा प्रत्येकाच्या कातडीवर जन्मभर राहणारा, एरवी निरुपद्रवी जीव. अशा जीवांना शास्त्रात सहभोजी म्हणतात. एकाच पंक्तीला बसून जेवणारे. सत्तर वर्षे पंक्तीला बसलेला हा सोबती, आत धातूचा पाट मांडला गेला की यजमान होऊ पाहतो. मुरुमांशी ज्याचे नाव जोडले गेले तो क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस खांद्याच्या कृत्रिम सांध्यात शिरून महिनोन्महिने मुकाट राहतो. तो सापडावा म्हणून प्रयोगशाळेला नमुना दोन आठवड्यांपर्यंत राखावा लागतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत जंतूंच्या दृश्य ठिपक्याला ‘वसाहत’ म्हणतात. वसाहतोत्तर समीक्षा वाचणाऱ्यांना या शब्दाची अडचण लगेच कळेल: इथे बाहेरचा कोण आणि मूळचा कोण? जंतू मूळचे आहेत. बाहेरून आला तो पेसमेकर. आणि ज्याच्यावाचून हृदय चालणार नाही तो हा बाहेरचाच आहे.

आईच्या बाबतीत मात्र जंतू पंक्तीतला नव्हता. दुसऱ्या अहवालानंतर जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा तपासायला गेला. त्यात ऊतींच्या गाठी, ज्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात, त्या दिसल्या. आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की पहिला शब्द उच्चारला जातो तो क्षय, आणि त्यात वावगे काही नाही. क्षय इथे खरोखरच फार आहे. चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार सुरू करावा असा विचार पुढे आला. घरात मात्र त्या शब्दाने वेगळेच काम केले. एक मावशी हलक्या आवाजात बोलू लागली. नातवंडांनी आजीच्या खोलीत जावे की नाही अशी कुजबुज झाली. त्वचेतला असा आजार श्वासातून पसरत नाही, हे सांगून काही उपयोग नव्हता. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये आजाराभोवती साचलेल्या रूपकांवर जे पुस्तक लिहिले त्याचा अर्धा भार क्षयावर आहे: कोमल, कृश, काव्यमय मृत्यूचा आजार म्हणून युरोपने त्याला कसे सजवले, याचा तो हिशेब आहे. आपल्याकडे त्याला राजयक्ष्मा हे नावच राजाचे मिळाले आणि चंद्राच्या शापाची कथाही जोडली गेली. अशा शब्दाला केवळ निदान म्हणून घरात आणता येत नाही. तो आपला सगळा कुटुंबकबिला घेऊन येतो.

उपचार सुरू होण्याआधी एक साधी गोष्ट घडली. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला होता आणि तिथल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाईंनी, तुकड्यातला ग्रॅन्युलोमा आणि अंगातले यंत्र यांची सांगड घालून, अठ्ठेचाळीस तासांनी थाळी फेकून न देता ती ठेवून दिली. पाचव्या दिवशी तिच्यावर बारीक वसाहती दिसल्या. क्षयाच्या जंतूंसाठी वापरतात तोच आम्लस्थायी रंग त्यांनी धरला; पण क्षयाचा जंतू दिसायला कित्येक आठवडे लागतात, तो पाच दिवसांत येत नाही. हा क्षयाच्या कुळातला, पण क्षयाचा नव्हे असा मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम होता. क्षयाची ठरावीक औषधे याच्यावर जवळजवळ निरुपयोगी असतात. म्हणजे सहा महिन्यांचा तो उपचार आईने निष्ठेने पुरा केला असता, आणि जखम वाहतच राहिली असती.

या जंतूचे नाव आईला फार आवडले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आकस्मिक, योगायोगाने आलेला. १९३८ साली दा कोस्ता क्रुझ यांनी एका त्वचेच्या गळवातून मिळालेल्या जंतूला ते नाव दिले. त्याचा भाऊबंद मायकोबॅक्टेरियम केलोनी १९०३ मध्ये फ्रीडमन यांना कासवांत सापडला आणि म्हणून त्याच्या नावात ग्रीक कासव आहे. तिसरा, ॲबसेसस, नावातच गळू घेऊन फिरतो. २०१८ मध्ये काही संशोधकांनी फॉर्च्युइटमला नवे कुलनाम सुचवले. पण ‘आकस्मिक’ हे विशेषण तसेच राहिले. “म्हणजे आगंतुकच की,” आई म्हणाली. “एक मुद्दाम घातलेला आणि दुसरा त्याच्या मागोमाग आलेला.”

मागोमाग आला कुठून, हा प्रश्न आम्हा भावंडांना जास्त छळत होता. हे जंतू माणसाचे नव्हेत. ते पाण्याचे आणि मातीचे आहेत. नळाच्या पाण्यात, टाकीत, पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात ते राहतात आणि पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाहीत. भारतात दुर्बिणीतून केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर, बरी झालेली छिद्रे महिनाभराने पुन्हा गाठाळून वाहू लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत बऱ्याच आहेत. उपकरणे जंतुनाशक द्रावात पुरेशी न भिजवणे आणि नंतर ती नळाच्या पाण्याने धुणे, हे त्यांतले वारंवार येणारे कारण. आईच्या बाबतीत असेच घडले का? ज्या इस्पितळात यंत्र बसवले तिथे आम्ही लेखी विचारणा केली. उत्तर आले की सर्व प्रक्रिया नियमानुसार झाली आहे. त्या वाक्यात कर्ता नव्हता. मराठी प्रशासनाने कर्मणी प्रयोगाचा जेवढा उपयोग करून घेतला आहे तेवढा आमच्या कवींनीही केलेला नाही. आमच्या धाकट्या भावाला हे प्रकरण पुढे न्यायचे होते. आईने विचारले, “त्यांनी कबूल केलं तर तार बाहेर येईल का?” मग ती गप्प बसली, आणि आम्हीही. तरी तो प्रश्न बरोबर होता असे आम्हाला आजही वाटत नाही. तिच्यानंतर त्याच टेबलावर आणखी कोणीतरी झोपले असणारच.

तार बाहेर काढणे हाच खरा पेच होता. पेसमेकरच्या कप्प्यात जंतुसंसर्ग झाला की यंत्र आणि हृदयापर्यंत गेलेल्या तारा, दोन्ही काढून टाकाव्या लागतात. केवळ औषधावर भागत नाही, हे हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तारा नव्या असतील तर त्या हलक्या ओढीने सुटतात. वर्षे लोटली की ऊती त्यांना वेढतात आणि काढणे जोखमीचे होते. आईच्या तारा चार महिन्यांच्याच होत्या, ही जमेची बाजू. पण तिचे हृदय आता यंत्रावाचून चालत नव्हते. काढणे आणि पुन्हा घालणे यांच्यामध्ये काही दिवस मानेच्या शिरेतून घातलेल्या तात्पुरत्या तारेवर काढायचे होते. तिने होकार द्यायला दोन दिवस घेतले. “वाहतंय तर वाहू दे,” असे ती म्हणे. दुखत नाही, ताप नाही, पदराखाली झाकले जाते. एकाहत्तर वर्षांच्या बाईला हा हिशेब मांडण्याचा अधिकार होता आणि तो चुकीचा आहे हे तिला पटवणे आमच्या वाट्याला आले. जंतू तारेवरून हृदयाच्या झडपेपर्यंत चढू शकतो, एवढेच आमच्यापाशी होते. शेवटी ती कर्णपर्वाच्या वाटेने बोलली. कर्णाच्या रथावर बसलेला शल्य कर्णाच्याच बाजूचा होता, सारथ्यही उत्तम करत होता, आणि सबंध वाटभर त्याचे धैर्य खचवत होता; तसे वचनच त्याने युधिष्ठिराला दिले होते. “त्याला रथावरून उतरवलं तर रथ कोण हाकणार, एवढंच कर्णाला कळेना,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-ल्युक नान्सी यांनी स्वतःच्या हृदयरोपणावर २००० साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे नावच ‘घुसखोर’ अशा अर्थाचे आहे. बाहेरचे हृदय स्वीकारता यावे म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती उतरवावी लागते, आणि ती उतरली की शरीरात आधीपासून दडलेले विषाणू डोके वर काढतात. तेव्हा ‘मी’ नेमका कोण, असा त्यांचा प्रश्न आहे. तो मोठा प्रश्न आहे. तरी ते पुस्तक वाचताना आम्हाला तात्पुरत्या तारेवरच्या आईचे ते सहा दिवस आठवले आणि वाटले की तत्त्वज्ञानाला बाधित जखमेचा वास फारसा येत नाही. तिने त्या सहा दिवसांत ‘मी कोण’ असे विचारले नाही. मान हलवायची नाही असे सांगितले होते. छताकडे पाहत ती रूपावली पुटपुटत असे, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला तिने आपल्या गावातल्या मुलींच्या शाळेची हकीकत सांगितली.

नवे यंत्र उजव्या बाजूला बसले. पुढे काही आठवडे अॅमिकॅसिनची इंजेक्शने होती. या औषधाने कान जाऊ शकतात म्हणून मधूनमधून श्रवणाची तपासणी होई. गोळ्या अनेक महिने चालल्या. डावी जखम हळूहळू, आतून वर, बुजत आली. उजवी कोरडी राहिली. आई त्यानंतर आपल्या यंत्रासह जगते आहे; डाव्या खांद्याखाली एक खळगा आहे आणि कानांत किंचित कमी ऐकू येते.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. या सगळ्यातून उचलून वर्गात नेण्यासारखे काही असेल तर ते त्या दोन अहवालांचे वाक्य आहे: जंतूंची वाढ नाही. ते वाक्य खोटे नव्हते. अठ्ठेचाळीस तासांत, त्या थाळीवर, त्या उबेत, वाढ नव्हती. पण अहवालाने हे सगळे क्रियाविशेषण गाळले आणि वाचणाऱ्याने ते जखमेबद्दलचे विधान म्हणून घेतले; वस्तुतः ते वाट पाहण्याबद्दलचे विधान होते. आम्हीही संहितेबद्दल असे पुष्कळ अहवाल देतो. अमुक कवीत काही नाही, अमुक कादंबरीत वाढ नाही. एका सत्राच्या अभ्यासक्रमात, एका प्रश्नपत्रिकेच्या उबेत. हे साम्य ताणू नये. चुकीच्या वाचनाने कवी वाहत राहत नाही, आणि कोणाच्या हृदयाशी जाणारी तार त्यावर टांगलेली नसते. तरीही त्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाईंना आम्ही नंतर भेटलो तेव्हा त्यांना विचारले की थाळी का ठेवली. त्यांना प्रश्नच विशेष वाटला नाही. कातडी शिवलेली असताना पुन्हा पुन्हा पाणी येत असेल, त्या म्हणाल्या, तर आत कोणीतरी आहे. आपल्याला दिसला नाही एवढेच. मग त्यांना पुढच्या थाळ्या पाहायच्या होत्या म्हणून आम्ही उठलो.